सैनिकाच्या बायकोची फी

सैनिकाच्या बायकोला लोक ठरावीक दोन प्रश्न विचारतात. ‘सध्या कुठे असतात ते?’ हा पहिला आणि ‘तुम्हांला भीती नाही का वाटत?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुष्कळदा देता येत नाही आणि दुसऱ्याचे द्यावेसे वाटत नाही. ‘तुमचे शिक्षण किती?’ असे मात्र आमच्या लग्नाला तीस वर्षे उलटून गेली तरी मला कोणी विचारलेले नाही. आणि ‘त्या शिक्षणाचे पैसे कोणी भरले?’ हे तर विचारण्याची रीतच नाही. दिवाळी अंकाच्या निमित्ताने निवांत वाचक भेटतात, म्हणून त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आज देऊन टाकते.

आमचे हे बॉम्बे सॅपर्समध्ये होते. सुभेदार होऊन निवृत्त झाले. १९९३ साली लग्न झाले तेव्हा ते लान्स नाईक होते आणि मी साताऱ्याला बी. ए.चे दुसरे वर्ष संपवून बसले होते. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. ‘पोरगी हुशार आहे, तिसरे वर्ष तिकडे करील,’ असे त्यांनी बोलणी करतानाच सांगितले होते, आणि ह्यांनी ‘हो’ म्हणून मान डोलावली होती. ती मान खरी होती. पण ‘तिकडे’ म्हणजे कुठे, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

तिकडे म्हणजे अंबाला निघाले. मी शिवाजी विद्यापीठाची विद्यार्थिनी, आणि माझा मुख्य विषय मराठी! अंबाल्याच्या कॉलेजात मराठी कोण शिकवणार? तेथील कारकुनाने माझी गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली, मायग्रेशन सर्टिफिकेट आणा म्हणाला, मग समकक्षतेचा दाखला आणा म्हणाला. ते कागद कोल्हापूरहून येईपर्यंत प्रवेश बंद झाले. आणि पुढच्या जूनला ह्यांच्या हाती बदलीचा हुकूम होता. त्या कारकुनावर माझा राग नाही. त्याच्या फळीवर आमच्यासारख्यांची दहा-वीस प्रकरणे असणार. छावणीच्या गावातल्या कॉलेजात सैनिकाची बायको म्हणजे येणारी आणि जाणारी, राहणारी नव्हे.

शेवटी मला तारले ते इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने. हे विद्यापीठ १९८५ साली निघाले आणि त्याची अभ्यासकेंद्रे देशभर पसरली. आपली बदली झाली तर केंद्रही बदलून मिळते, आणि तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत केली तरी चालते. (आपल्या नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे, पण महाराष्ट्राबाहेर बदली झालेल्या बाईला त्या वेळी त्याचा उपयोग नव्हता.) साताऱ्याची दोन वर्षे पाण्यात सोडून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मराठी सुटली, हिंदी आणि समाजशास्त्र घेतले. फी वर्षाला हजाराच्या आसपास होती, आणि ती ह्यांच्या पगारातून गेली. आता हजार रुपये ऐकून कोणाला हसू येईल. पण महिन्याच्या मनिऑर्डरीत सासूबाईंचे औषध, धाकट्या दिरांची पुस्तके आणि गावच्या विहिरीचा हप्ता बसवून झाला की उरणाऱ्या पैशांत हजार हा आकडा फार मोठा दिसतो. तीन ठाणी, दोन बाळंतपणे आणि पाच वर्षे एवढ्या अवकाशात मी पदवीधर झाले.

बी. एड.ची गोष्ट निराळी. ती २००५ मधली. हे फील्डवर होते; म्हणजे जेथे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी. मला खडकीला सेपरेटेड फॅमिली क्वार्टर मिळाले होते. नवरे सरहद्दीवर आणि बायका-मुले एका रांगेत, अशी ती वस्ती. कोणी पंजाबची, कोणी तमिळनाडूची, कोणी आमच्या माण-खटावची. त्या वेळी बी. एड. एक वर्षाचे होते आणि क्वार्टर दोन वर्षांसाठी मिळाले होते, तेव्हा हिशोब बसत होता. बसत नव्हती ती फी. खाजगी कॉलेज, बावीस हजार रुपये.

मी तेव्हा पहिल्यांदा कागद शोधायला निघाले. सैन्याइतकी कल्याणाची व्यवस्था दुसऱ्या कोणत्या खात्यात नसेल, अशी माझी समजूत होती आणि अजूनही बऱ्याच अंशी आहे. दवाखाना आहे, कॅन्टीन आहे, मुलांना आर्मी स्कूल आहे, बायकांना शिवणकाम नि बेकरी शिकवणारी केंद्रे आहेत. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता तर सरकारच देते. दोन मुलांपर्यंत, बारावीपर्यंत. २०२४ च्या जानेवारीपासून तो एका मुलामागे महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे झाला. (हे पन्नास पैसे कोणत्या दुकानात चालतात, ते मात्र कोणी सांगितलेले नाही.) परंतु मुलांच्या आईला कॉलेजात जायचे असेल तर तिच्यासाठी भत्त्याचे कलम नाही. ऑफिसातले सुभेदारसाहेब भले गृहस्थ होते. त्यांनी जाडजूड फाइल काढून माझ्यासमोर पाने उलटली. एक योजना माजी सैनिकांच्या मुलांची, दुसरी अपंग जवानांच्या मुलांची, तिसरी विधवांची. फाइल मिटून ते म्हणाले, “बेटी, भगवान करे तुम्हें इसमें से किसी की ज़रूरत न पड़े.” आशीर्वादच होता तो. मी पाया पडून घरी आले.

मग बावीस हजार उभे राहिले ते असे : दहा हजार ह्यांनी आपल्या फंडातून काढले, सहा हजार आईच्या पाटल्या पतपेढीत ठेवून आले, आणि सहा हजार आले भिशीतून. आमच्या रांगेतल्या बारा जणी महिन्याला पाचशे टाकत. आम्ही तिला भिशी म्हणायचो, पंजाबणी कमेटी म्हणायच्या आणि तमिळ बाई चिट म्हणायची, रक्कम तीच. पहिली उचल चिठ्ठी टाकून व्हायची. त्या वर्षी चिठ्ठी टाकलीच नाही. सर्वांनी मिळून पहिली उचल मला दिली. तिच्यात कोणाचा फ्रीज अडला होता, कोणाचे गावचे तिकीट. सैनिकाच्या बायकोच्या शिक्षणासाठी काढलेली सर्वांत यशस्वी योजना कोणती, असे मला कोणी विचारले तर मी आमच्या रांगेची भिशी सांगेन.

त्या बारा जणींत एक होती खटावची. नाव सांगत नाही. आम्ही तिला ‘खटावची’ असेच म्हणत असू. साताऱ्याकडे घरटी माणूस पलटणीत असतो, हे वाचकांना ठाऊक असेलच. एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागले ते कायमचे. अशाच एका घरातून ही आली होती. बारावीला सत्तर टक्के, कडेवर दोन वर्षांची मुलगी. मी संध्याकाळी बी. एड.च्या पाठाची टाचणे काढायला बसले की ही शेजारी येऊन तक्ते रंगवून द्यायची. माझे भूगोलाचे सगळे नकाशे तिच्या हातचे. तिलाही बी. ए. करायचे होते. नाशिकच्या विद्यापीठाचा फॉर्म आणून तिने ट्रंकेत ठेवला होता. नवरा नाईक; स्वभावाने फार चांगला. दर महिन्याच्या फोनवर ती विषय काढायची आणि तो म्हणायचा, “पुढच्या महिन्यात बघू.” ‘नाही’ असे तो एकदाही म्हणाला नाही.

२००७ च्या पावसाळ्यात ईशान्येकडे पुलाच्या कामावर असताना नदीला अकस्मात पाणी आले आणि तो गेला.

त्यानंतरचे सगळे मी जवळून पाहिले आहे. क्वार्टर सोडून ती गावी गेली. सासरच्या माणसांनी तिला धरून ठेवले, हे त्यांचे मोठेपण. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या लोकांनी तिचे कागद स्वतः भरून घेतले. आणि मग जे दरवाजे आम्ही दोघींनी बंद पाहिले होते ते एकेक उघडू लागले. तिने नाशिकच्या विद्यापीठातून बी. ए. केले, साठ टक्क्यांच्या वर गुण घेतले आणि बी. एड.ला पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळवली. ही शिष्यवृत्ती २००६-०७ पासून आहे, माजी सैनिकांच्या मुलामुलींसाठी आणि सैनिकांच्या विधवांसाठी. २०१९ मध्ये ती वाढवून मुलांना महिन्याला अडीच हजार आणि मुलींना तीन हजार करण्यात आली. देशभरात वर्षाला साडेपाच हजार जणांना मिळते. पहिल्या वर्षाचे पैसे जमा झाले त्या दिवशी तिचा मला फोन आला. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग म्हणाली, “ताई, तो पुढचा महिना आला बघा.”

मी काही बोलू शकले नाही. पलीकडे तिची मुलगी पाढे म्हणत होती, ते ऐकत राहिले.

कोणी म्हणेल, विधवेला आधी द्यावे हेच न्यायाचे. अगदी खरे. माझे भांडण त्या क्रमाशी नाही. आपल्या महाराष्ट्रात प्रौढ बायकांच्या शिक्षणाची वाट अशीच पडली. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ चे, अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम १८९६ चा. दोन्ही मुख्यतः विधवांसाठी. ज्या बाईचे कुंकू पुसले गेले, तिच्या हाती पुस्तक द्यायला समाज कसाबसा तयार होता. कारण तिचे पुढे काय, हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा होता. नवरा जिवंत असलेल्या बाईला शिकायचे कशाला, असे लोक विचारत. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढले, तेथे संसारी बायकाही पाटी घेऊन येऊ लागल्या आणि तो प्रश्न हळूहळू मागे पडला. सैनिकांच्या बायकांच्या बाबतीत आपण अजून आश्रमाच्या काळात आहोत. सेवासदन यायचे आहे.

याचा पुरावा हवा असेल तर २०१८ ची एक यादी आहे. कॉलेज-विद्यापीठांच्या प्रवेशात सैनिकांच्या कुटुंबीयांना जी सवलत मिळते, तिचा अग्रक्रम संरक्षण मंत्रालयाने त्या यादीत ठरवून दिला आहे. पायऱ्या नऊ. पहिल्या पायरीवर रणांगणात पडलेल्यांच्या विधवा आणि मुले; पुढे जायबंदी झालेल्यांची मुले, सेवेत मृत्यू आलेल्यांच्या विधवा नि मुले, पदकविजेत्यांची मुले, माजी सैनिकांची मुले. सातव्या पायरीवर जायबंदी झालेल्यांच्या आणि पदकविजेत्यांच्या बायका. आठवीवर नोकरीत असलेल्यांची मुले. आणि नवव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर नोकरीत असलेल्या सैनिकाची बायको. आठ पायऱ्या भरून जागा उरली तर तिचा नंबर. आणि ही झाली जागेची गोष्ट. फीचा त्या यादीत उल्लेखच नाही.

यात आणखी एक गाठ आहे, ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. कर्नल संतोष महाडिक यांना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांना वयाची अट शिथिल करून चेन्नईच्या अकादमीत प्रवेश मिळाला आणि दोन मुलांची ही आई सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाली. आम्ही साताऱ्याकडच्या बायकांनी ते संचलन टीव्हीवर पाहिले तेव्हा डोळ्यांचे पाणी खळत नव्हते. सैनिकांच्या विधवांसाठी त्या अकादमीत काही जागा राखीव असतात. पण त्यांची पहिली अट आहे पदवी. स्वातीताई शिकलेल्या होत्या, शिक्षिका होत्या, म्हणून तो दरवाजा त्यांना उघडता आला. संरक्षणमंत्र्यांच्या निधीतून माजी सैनिकांच्या विधवांना शिक्षणासाठी महिन्याला हजार रुपये मिळत; नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते दोन हजार झाले. पण ते पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन वर्षांसाठी. म्हणजे बी. ए. आधीच पदरात हवे. ते कधी व्हायला हवे? नवरा जिवंत असताना. त्याचे पैसे? पुन्हा फंड, पाटल्या आणि भिशी.

हा निधी कोठून येतो, हेही सांगून ठेवते. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून. शाळेत असताना छातीवर टाचणीने कागदी झेंडा लावून तुम्ही डब्यात टाकलेली चार-आठ आण्यांची नाणी त्यातच जातात. तेव्हा हा विषय फक्त छावणीचा आहे, असे शहरातल्या वाचकांनी समजू नये.

माझी भाची अमेरिकेत व्हर्जिनियात असते. तिच्या शेजारी एक नौदलातल्या माणसाची बायको राहते. ती दवाखान्यात रक्त काढण्याचे काम शिकते आहे आणि फी संरक्षण खाते भरते, असे भाचीने सहज सांगितले. माझे कान टवकारले. मग मी ह्यांना कॉम्प्युटरवर बसवून सगळे शोधून काढायला लावले. तेथे खालच्या हुद्द्यांवरच्या सैनिकांच्या बायकांना (आणि नवऱ्यांना, तेथे बाईही सैनिक असते आणि तिचा नवराही तिच्यामागे बदलीवर फिरतो) चार हजार डॉलरपर्यंत मदत मिळते. अट एवढीच की शिक्षण धंद्याचे किंवा परवान्याचे असावे. मोठ्या पदवीला ती चालत नाही. सुरुवातीला, २००९ मध्ये, सर्व हुद्द्यांना सहा हजार डॉलर होते. पण इतक्या बायकांनी अर्ज केले की फेब्रुवारी २०१० मध्ये खात्याने एकाएकी योजनाच थांबवली. आणि पुढे ऑक्टोबरात रक्कम नि हुद्दे कमी करून ती चालू केली. ती बातमी वाचताना मला आमची क्वार्टरची रांग दिसली. विचारणारे कोणी भेटले की बायका किती निघतात, पाहा!

त्यांच्याकडे आणखी एक तरतूद आहे. सैनिकाला स्वतःच्या शिक्षणाचा जो ३६ महिन्यांचा हक्क मिळतो तो त्याला बायकोच्या नावे करता येतो. मात्र सहा वर्षांची नोकरी झालेली हवी आणि आणखी चार वर्षे राहण्याचे वचन द्यावे लागते. आमचे हे म्हणाले, “म्हणजे तुझ्या एम. ए.साठी मी चार वर्षे गहाण!” मी म्हटले, “तशीही तुम्ही अठ्ठावीस वर्षे काढलीतच की.” पण गंमत अशी की तेथेही क्रम आपलाच. सैनिकाच्या शिक्षणाचा कायदा १९४४ चा, अनाथ मुलांचा १९५६ चा, विधवांना तो लागू झाला १९६८ मध्ये, आणि जिवंत नि धडधाकट सैनिकाच्या बायकोला हात मिळाला तो २००९ मध्ये. त्यांची कुबेराची तिजोरी आपल्याकडे नाही, हे मलाही कळते. पण बारावी झालेल्या जवानाच्या बायकोला मुक्त विद्यापीठाची वर्षाची फी द्यायला कुबेर लागत नाही. मुलांच्या भत्त्याच्या कागदावर आणखी एक ओळ लागेल.

आता काही गोष्टी सुधारल्या आहेत. २०२१ पासून गुणांची, म्हणजे त्यांच्या भाषेत क्रेडिटांची, बँक निघाली आहे. एका विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट दुसरीकडे नेता येते. माझी साताऱ्याची दोन वर्षे आज अशी वाया गेली नसती. उलट बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. फी वाढली ती वाढलीच; शिवाय जवानाची बदली दोन-तीन वर्षांनी ठरलेली, त्यात प्रवेशाच्या तारखा मागेपुढे. बायका अर्ध्यावर सोडून जातात.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी मी आमच्या भागातल्या दहा-पंधरा जणींचे अर्ज भरून देते. क्वार्टर सोडण्याआधी मायग्रेशन काढा, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती तीन करा, पत्ता नवऱ्याच्या युनिटचा न देता माहेरचा द्या; युनिट हलते, माहेर हलत नाही. खटावची आता तिकडच्याच एका शाळेत भूगोल शिकवते. दर जूनमध्ये ती मला पाच हजार रुपये पाठवते, ‘भिशीची पहिली उचल’ म्हणून. त्यातून दोघींची मुक्त विद्यापीठाची फी निघते. यंदा एकीचीच निघाली, फी वाढली आहे. दुसरी परवा येऊन गेली. नायकाची बायको, जालन्याकडची, पहिल्या सत्राची परीक्षा नोव्हेंबरअखेर. नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आला आहे, डिसेंबरच्या पाच तारखेचा. तिचे नवे केंद्र कोणते, ते आम्ही अजून शोधतो आहोत.